नातीच्या केसांत अडकलेली गाडी

माझी नात जन्माला आली तीच डोक्यावर चांदी घेऊन. पांढरे केस नव्हेत बरं का. पांढरे केस म्हाताऱ्याचे. हिचे केस म्हणजे राखेनं घासून उन्हात पालथ्या घातलेल्या जर्मनच्या गंजासारखे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखे, बघणाऱ्यानं डोळ्यावर हात धरावा असे. दवाखान्यातल्या सिस्टरनी ते गाठोडं माझ्या हातात दिलं, एकदा पोरीच्या डोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्या कोळशासारख्या मिशीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आबाजी, नातीचे पांढरे अन् तुमचे काळे? तुमची अदलाबदल झालेली दिसते."

मी म्हटलं, "सिस्टर, आमच्या घराण्यात माणूस म्हातारा होऊनच जन्मते अन् मंग तरुण होत जाते. मलेच पाहा ना."

संध्याकाळपर्यंत एटापल्लीच्या बाजारात बातमी पोचली होती. मीच पोचवली होती. पोचवणं हाच माझा धंदा. तीस वर्षं मी लाल बसवर कंडक्टर होतो, अहेरी, एटापल्ली, भामरागड ह्या जंगलातल्या रस्त्यांवर. माझ्या गाडीत इतकी गर्दी असायची की एकाला शिंक आली तर पुढच्या तिघांना विचारून द्यावी लागे. मागच्या दारापाशी एखाद्या बाईनं टोपलीत कोंबडी ठेवली तर तिचं अंडं पुढच्या दाराशी निघायचं. भामरागडचा पूल पुराखाली गेला की गाडी अलीकडेच थांबायची. मी एकदा त्या पुराला हात करून सांगितलं की गाडीत बाळंतीण आहे. पूर थांबला नाही, पण अर्धा तास विचारात पडला. तेवढ्यात आम्ही पार झालो.

मिशी काळी का, तेही सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड तिच्यातूनच निघाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. मी रजा टाकून त्यांत कामं करायचो. राजा, सेनापती, खलनायक, जो आजारी पडेल त्याची जागा. चेहरे रंगवायचं कामही माझ्याकडेच असे. साठीचा नट माझ्या हाताखालून विशीचा होऊन निघायचा. एकाची बायको तर त्याला ओळखेना, परक्या माणसासोबत जाणार नाही म्हणून अडून बसली. नोकरी सुटली, नाटकं सुटली, पण कलपाची डबी काही सुटली नाही.

घरातली माणसं म्हणाल तर मोजकीच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मी लेकीकडेच राहतो. लेक दिली ती माझ्या थोरल्या बहिणीच्या पोराला. मामाची पोरगी करायची ही आमच्याकडची जुनी चाल, आणि ते लग्न मीच जमवलं होतं. पोरगी आत्याच्या घरी गेली, म्हणजे गेलीच नाही, असं मी मांडवात छाती फुगवून सांगत फिरलो होतो. म्हणजे जावई हा माझा भाचा, आणि मी त्याचा मामाही आणि सासराही. तो सूरजागडच्या पहाडावर लोखंडाच्या खाणीत डंपर चालवतो. बोलत नाही. 'हो' हा शब्द तो महिन्यातून दोनदा वापरतो आणि 'नाही' सणासुदीला. मी त्याला म्हणायचो, "जावईबापू, तुमच्यापेक्षा तुमच्या डंपरचा हॉर्न बरा, दिवसातून दोनदा तरी वाजते." तो चावी उचलून कामाला निघून जायचा.

पोरीच्या केसांवरून गावात दोन पक्ष पडले. एका पक्षाला वाटे देवी आली आहे. एकदा बसमध्ये एका बाईनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. दुसऱ्या पक्षाला वाटे काहीतरी करणी आहे. ते लोक आपली पोरं तिच्यापासून जरा लांब घ्यायचे. लेकीला दोन्ही पक्षांचा सारखाच राग. पोरगी दीड वर्षाची झाली आणि चंद्रपूरला नात्यातलं लग्न निघालं, तेव्हा लेक म्हणाली, "मी नाई जात बाबा. सारे लोक नवरी सोडून हिच्याकडंच पाहत राह्यतील."

मी म्हटलं, "एवढंच ना? हे डोकं माया हातात दे. नाटकातल्या म्हाताऱ्याचे मी जवान केले, इथं तर पोट्टीच हाय."

आणि त्या दुपारी अंगणात पाटावर बसवून मी माझ्या नातीचे केस माझ्याच डबीतल्या कलपानं काळे केले. भुवयांना काजळ लावलं. बहीण ओरडत होती, "काऊन रे भैताडा, लेकराच्या डोक्शाले काय लावून राह्यला?" पण तयार झालेली पोरगी पाहून तिनंच तिला उचलून कडेवर घेतलं. लग्नात कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चारचौघांसारखी पोरगी. मी त्या दिवशी नवरदेवाच्या बापापेक्षा ताठ चाललो.

लग्नाहून आलो आणि तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला.

आमच्याकडे ताप म्हटला की आधी मलेरिया. आशाताई आल्या, बोट टोचलं, मलेरिया नाही. मग आमच्याकडचा दुसरा संशय, सिकलसेल, तोही नाही. ताप उतरेना. आठवड्यानं पोट फुगायला लागलं. एटापल्लीच्या डॉक्टरांनी पोटावर बोटं दाबून सांगितलं की पानथरी वाढली आहे, म्हणजे डाव्या कुशीतली प्लीहा. इथे ठेवू नका. गडचिरोलीला गेलो, तिथून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात. जावयानं खाणीतून सुटी घेतली. मी वाटभर एक शब्द बोललो नाही, आणि ह्याच्याइतकी खरी गोष्ट मी ह्या लिखाणात दुसरी सांगत नाही.

कारण मला ठाऊक होतं हा ताप कशाचा. माझ्या कलपाचा. डबीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, ते मी जन्मात वाचलं नव्हतं. ते रसायन दीड वर्षाच्या टाळूतून आत उतरलं, रक्तात गेलं, आणि आता पोरीला खाऊन राहिलं होतं. हे मी मनात पक्कं धरलं होतं. गाडीत बसायच्या आधी लेकीला आणि बहिणीला बजावलं होतं, "कलपाचं नाव काढू नका. केस काळेच हायेत, जन्मापासून."

लहान मुलांच्या वॉर्डातली डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची होती, कोल्हापूरकडची, आमच्या बोलीवर हळूच हसणारी. तिनं वही उघडून विचारलं, "घरात काही औषधं, रसायनं, रंग असं काही मुलीच्या संपर्कात आलंय का?"

"नाई मॅडम. आमच्या घरी हळदीशिवाय रंग नाई."

दोन दिवसांनी सिस्टर पोरीचं अंग पुसत होत्या. काजळ कधीच धुऊन गेलेलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, भुवया अशा पांढऱ्या कशा हो हिच्या?"

"तापानं," मी म्हटलं. "आमच्याकडचा ताप कडक. रंग उडवते. मागच्या साली एका बैलाले आला होता, काळ्याचा पांढरा झाला."

सिस्टर हसल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील. लोक हसले, मीही हसलो, कुणाचं काही बिघडलं नाही. ही पहिली थाप जिच्यावर समोरचं माणूस हसलं आणि मी पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी भुवयांवर ओढली.

पोरगी रोज थोडी थोडी विझत होती. रक्तातल्या लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या कमी. अँटिबायोटिक बदललं, पुन्हा बदललं. डॉक्टरीणबाई सकाळी यायची, दुपारी यायची, पोट तपासायची, आणि तिच्या कपाळावरची आठी रोज एक सूत खोल जायची. सहाव्या दिवशी ती लेकीला म्हणाली, "ताई, मला अजून कारण सापडत नाहीये. काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय."

ती वळून निघाली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. आणि तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला माझा जावई बोलला.

"मामा, सांगून टाका."

तीन शब्द. आवाज चढलेला नव्हता, रागाचाही नव्हता. पण ज्या माणसाला तोंड उघडायला महिना लागतो त्यानं तीन शब्द एकदम खर्च केले होते, आणि ते माझ्यासाठी.

मी डॉक्टरीणबाईच्या मागे व्हरांड्यात धावलो. "मॅडम, थांबा. मी खोटं बोललो. पोट्टीचे केस काळे नाईत. मीच रंगवले. चांदीसारखे हायेत जन्मापासून. मायाच कलपानं तिले इख चढलं. मले पोलिसात द्या, पण तिले वाचवा."

ती जागच्या जागी उभी राहिली. "चांदीसारखे?" तिनं विचारलं. "पांढरे, की चांदीसारखे?"

"चांदीसारखे. जर्मनच्या गंजासारखे."

ती जवळजवळ पळतच परत आली. मोबाइलच्या उजेडात तिनं पोरीचे केस बाजूला केले. कलप लावून तीन आठवडे झाले होते. मुळापाशी तांदळाच्या दाण्याएवढी चांदी उगवली होती. पापण्याही पाहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुमच्या रंगानं ताप आलेला नाही. ऐकताय ना? रंगानं नाही. पण ह्या केसांतच उत्तर असू शकतं."

त्या क्षणी मला काय झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की वॉर्डातल्या फरशीवर माणूस बसला तर ती फार गार लागते.

तिनं पोरीचे चार केस मुळासकट काढले, काळं टोक कापून टाकलं. ताडून पाहायला एक साधा केस हवा होता. मी डोकं पुढे केलं तर म्हणाली, "तुमचा नको आजोबा, तुमच्यावर माझा विश्वास नाही." जावयाचा घेतला. मग तळमजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत तिनं आम्हा दोघांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं. जावयाच्या केसात रंग असा पसरलेला, जशी आंबिलीवर बारीक मिरपूड भुरभुरावी. आणि पोरीच्या केसात मधे लांबलचक मोकळी जागा आणि अधूनमधून काळे गोळेच्या गोळे, एका ठिकाणी साचून बसलेले.

"तुम्ही काय काम करायचा?" तिनं विचारलं.

"कंडक्टर होतो."

"मग तुम्हाला दोन मिनिटांत कळेल," ती म्हणाली. आणि खरंच, मॅट्रिकला शास्त्रात ज्याला मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं त्या मला ते कळलं. तुम्हालाही सांगतो.

आपलं अंग ज्या बारीक बारीक पेशींचं बनलंय, त्यातली एकेक पेशी म्हणजे एकेक तालुका. तालुक्याच्या मधोमध माल तयार होतो. तो मोकळा सोडत नाहीत. बारीक पिशव्यांत भरतात. त्या पिशव्या म्हणजे गाड्या. पेशीत रुळांसारखे धागे असतात, त्यांवरून त्या गाड्या शिवेपर्यंत जातात आणि तिथे माल उतरवतात. पण गाडी भरली म्हणून सुटत नाही. तिच्यावर एक प्रथिन चढून बसावं लागतं. कुठली गाडी कुठे जाणार ते तेच ठरवतं, इंजिनाशी जोडतं, शिवेवर पोचली की थांब्याला लावतं आणि दार उघडायची सोय करतं.

"म्हणजे कंडक्टर," मी म्हटलं.

"म्हणजे कंडक्टर," ती म्हणाली. "असे पुष्कळ आहेत, प्रत्येक मार्गाचा वेगळा. मला ज्याचा संशय आहे त्याचं नाव रॅब सत्तावीस ए."

"नाव हाय की गाडीचा नंबर?"

"तुमच्या नातीच्या अंगात तो कामावर येत नसावा. केसाला रंग देणाऱ्या पेशीत रंगाच्या गाड्या भरतात, पण स्टँडवरच उभ्या राहतात. रंग केसात नीट उतरत नाही. म्हणून चांदी."

"केस पांढरे राह्यले तर राह्यले मॅडम. तापाचं काय?"

तिचा चेहरा बदलला. "तोच कंडक्टर आणखी एका मार्गावर असतो," ती म्हणाली. रक्तात शिपाई पेशी असतात. व्हायरस शिरलेली पेशी सापडली की शिपाई तिला भिडतो, आणि त्याच्याकडची विषाच्या पिशव्यांची गाडी तिच्या अंगाला लावून दार उघडतो. शत्रू मेला, काम संपलं, शिपाई शांत. पण नातीच्या अंगात गाडी शत्रूच्या दारात जाऊन उभी राहते आणि दार उघडत नाही. शत्रू मरत नाही. मग शिपाई आरडाओरडा करून आणखी शिपाई बोलावतो, ते आणखी बोलावतात. लग्नात कुठून तरी एखादा साधा व्हायरस मिळाला असेल; दुसरं मूल चार दिवस शिंकून बरं झालं असतं. हिच्या अंगात मात्र सगळी फौज गोळा झाली आणि शत्रू राहिला बाजूला, फौजच अंग खायला लागली. म्हणून ताप, म्हणून पानथरी, म्हणून रक्त कमी.

मी ऐकत उभा होतो. भरल्या गाडीचं दार अडकतं तेव्हा आत काय होतं हे मला कुणी सांगायला नको. आधी लोक हाका मारतात, मग पत्रा ठोकतात, मग एकमेकांना तुडवतात. कुणी वाईट नसतं त्यात. फक्त दार उघडलेलं नसतं.

त्याच दिवशी तिनं फौज शांत करायची औषधं सुरू केली. नागपूरला फोन लावले, दुसऱ्या सकाळी आम्हाला तिकडे रवाना केलं. हाडाच्या आतला मगज तपासला, रक्त लांबच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि काही आठवड्यांनी कागद आला. तिचा संशय खरा होता. आजाराला कुण्या परदेशी डॉक्टरचं नाव आहे. ते म्हणायला गेलो तर माझी कवळी बाहेर येते.

नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. ह्या कंडक्टरची नेमणूक दुहेरी असते, एक आईकडून, एक बापाकडून. एक गैरहजर असला तरी दुसरा गाडी नेतो, कुणाला पत्ताही लागत नाही. माझ्या लेकीकडे एक गैरहजर, जावयाकडे एक गैरहजर, दोघंही ठणठणीत. पोरीच्या वाट्याला दोन्ही गैरहजर आले. लेकीचा माझ्याकडून, जावयाचा माझ्या बहिणीकडून, आणि आम्हा दोघांचा बहुतेक एकाच आईबापाकडून.

मी मान खाली घातली. मांडवात छाती फुगवून फिरलेला माणूस मीच. बहिणीनं मला पाहिलं. मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर उकरून काढणार. ती म्हणाली, "मान वर कर रे. मी का कमी नाचली त्या लग्नात? तुले मायती होतं का मले मायती होतं?" मग डॉक्टरांकडे वळून, "साहेब, माया भावाची पोरगी लय चांगली हाय. सून म्हणून मले तीच पायजे होती, आजबी तीच पायजे. तुमी उपाय सांगा." दुसऱ्या बाळाच्या वेळी आधी येऊन तपासून घ्या, असं त्यांनी लेकीला नीट समजावलं. कुणी कुणाला बोल लावला नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या बाईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, पाया पडतो. तोंडावर नाही, नाहीतर ती वर्षभर ऐकवेल.

उपाय एकच होता. शिपाई पेशी जिथे भरती होतात तो हाडातला मगजच बदलायचा. दुसऱ्याच्या मगजाचं बी हिच्यात पेरायचं, म्हणजे पुढचे शिपाई कंडक्टरसकट येतील. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं. तपासण्या झाल्या आणि देणारा ठरला माझा जावई. अर्धा जुळतो, पण आजकाल अर्ध्यावरही भागतं, म्हणाले. त्याच्याकडे एकच कंडक्टर होता, पण तो कामाचा होता.

आता हा माणूस पहाडाच्या वळणांवरून लोखंडानं भरलेला डंपर खाली आणतो, पण सुईला भितो. लग्नाआधी धनुर्वाताची सुई पाहून तो बाकावरून खाली पडला होता, ते मी शंभर लोकांना शंभर प्रकारे सांगितलंय. त्याला पाच दिवस सुया टोचल्या. मग एका हातातून रक्त काढून मशीनमधून फिरवून दुसऱ्या हातात परत सोडलं, पाच तास. हलायचं नाही. मी शेजारी बसून त्याला गोष्टी सांगितल्या. पुराची, कोंबडीच्या अंड्याची, बाकीच्या सगळ्या. तो छताकडे बघत पडून होता. चौथ्या तासाला मी म्हटलं, "जावईबापू, कंटाळा आला असन तर गप्प बसतो."

"नाही," तो म्हणाला. "सांगत राहा."

सणासुदीचा शब्द तो. माझा दिवस सण झाला.

शेवटी मगजाच्या बियाची एक छोटी पिशवी भरली. एवढा खटाटोप आणि पिशवी आंबिलीच्या वाटीएवढी. ती पोरीच्या छातीतल्या नळीतून तासाभरात आत गेली. डॉक्टर म्हणाले, ह्या पेशींना वाट दाखवावी लागत नाही, त्या आपल्या आपण हाडात जाऊन बसतात. तीस वर्षं ह्या जंगलात फिरलो, मी अजून दोनदा विचारल्याशिवाय वळण घेत नाही.

मग काचेच्या आतले दिवस. लेक आत, पोरगी आत, आम्ही बाहेर. तिच्या अंगातले जुने शिपाई कडक औषधांनी आधीच काढून टाकलेले, त्यात केसही गळाले, आणि नवे आलेले नाहीत. तिथे साधी शिंकही पोचू द्यायची नव्हती. आम्ही काचेवर हात ठेवायचो. मी बाहेरून राजाचे, सेनापतीचे हावभाव करायचो, ती आतून टकल्या डोक्यानं बघायची. एकदा मी खलनायक मरतो तसा मरून दाखवला, तर एका सिस्टरनी खरंच डॉक्टरांना हाक मारली. काही दिवस वाईट गेले, ते लेकीच्या डोळ्यांवरून कळायचे. आणि एका सकाळी डॉक्टर बाहेर येऊन जावयाला म्हणाले, "तुमचे शिपाई कामावर आलेत." त्यानं माझा खांदा धरला आणि बराच वेळ धरून राहिला.

केस पुन्हा आले ते चांदीचेच. मी डॉक्टरांना विचारलंही, गाडी चालू झाली ना मग? ते म्हणाले, रंगाच्या पेशी मगजातून येत नाहीत, तो मार्ग बंदच राहणार. राहू दे. आता बाजारात कुणी विचारलं तर लेक स्वतः सांगते, थांबून, नीट, दार न उघडणाऱ्या गाडीसकट. माझ्यापेक्षा चांगलं सांगते. दूरच्या एका गावातली बाई ते ऐकून आपल्या भाच्याला दाखवायला घेऊन गेली. त्याचं काही वेगळंच निघालं, साधंसं. पण नेलं.

त्या चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईला मी दर हंगामाला जवस, मोहाची फुलं आणि नव्या तांदळाची थैली पाठवतो. ती म्हणते नको. मी म्हणतो, मॅडम, तुमी रागावला नाई मायावर, त्याचं हे. खरंच, ती रागावली असती तर ते माझ्या हक्काचं होतं. सहा दिवस मी तिच्या तोंडावर खोटं बोललो होतो, आणि तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं, तर तुमच्या रंगानं ताप आलेला नाही. नातीचं निदान नंतर. आधी माझी सुटका. माझ्या भुवयांच्या थापेवर हसलेल्या सिस्टर, बोट टोचणाऱ्या आशाताई, काचेपलीकडच्या सगळ्या, ह्यांचं देणं तर तसंच राहिलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे चेहरेही मी मास्कमुळे पाहिले नाहीत. आणि कधी ओट्यावर बसल्या बसल्या वाटतं, माझ्या ह्या म्हाताऱ्या देहात ह्या घडीला किती गाड्या सुटत असतील, किती थांब्याला लागत असतील, दारं उघडत असतील, आणि मी त्यातल्या एकाही कंडक्टरला आजवर साधा रामराम केला नाही.

परवा पोरीला सर्दी झाली. आता ती चार वर्षांची आहे, कोंबड्यांमागे धावते, सगळ्यांशी भांडते. सकाळी उठली ती नाक वाहत. अंग जरा कोमट.  लेकीनं नागपूरला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, दोन दिवस लक्ष ठेवा, ताप वाढला तर लगेच या. जावयानं डंपरची चावी कुणाला तरी देऊन टाकली आणि दारातल्या खाटेवर बसून राहिला. बहिणीनं चूल पेटवली आणि काही शिजवलं नाही. मी तापमापी घेऊन पोरीमागे इतका फिरलो की ती वैतागून म्हणाली, "आबाजी, तुमीच लावून घ्या ना."

पहिल्या दिवशी ताप जरा चढला. दुसऱ्या दिवशी तेवढाच राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी अंग गार, पोट मऊ, आणि नाक मात्र धो धो. लेकीनं फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "बरी झाली ना? ही सर्दी तिनं स्वतः बरी केली. आम्ही कुणी काही केलं नाही."

जावई उठला, अंगणात गेला, आणि आभाळाकडे तोंड करून मोठ्यानं हसला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. तो हसतो कसा ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

पोरगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आबाजी, नाक."

मी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. पुन्हा वाहिलं, पुन्हा पुसलं. इतकं देखणं वाहणारं नाक गडचिरोली-चंद्रपूर दोन्ही जिल्ह्यांत दुसरं नव्हतं.